तीनदा निखळलेला खांदा: ऑपरेशन करावं का, आणि कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा. भाऊ २१ वर्षांचा, व्हॉलीबॉल खेळतो. चौदा महिन्यांत उजवा खांदा तीनदा निखळला. पहिल्या दोन वेळा रुग्णालयात बसवला, तिसऱ्यांदा मैदानावरच एका मित्राने हात ओढला आणि खांदा बसला. आता एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून टाके घालू, दुसरे म्हणतात हाडाचा तुकडा लावावा लागेल. घरात वेगळाच वाद चाललाय: मित्राला मिनिटभरात जमतं, तर दरवेळी एक्स-रे आणि भुलेचा सोपस्कार कशाला?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. तिसऱ्या वेळी खांदा चटकन बसला याचं श्रेय घरचे मित्राला देतायत. मला त्यात काळजीचं कारण दिसतं. मित्राच्या हाताला गुण आहे असं नव्हे, भावाच्या खांद्याच्या वाटीचा काठ झिजत चाललाय. जो सांधा सहज आत जातो, तो तितक्याच सहज बाहेरही येतो.

खांद्याची रचनाच अशी आहे. मांडीचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ, आणि दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यापेक्षा खूपच मोठा. कुठल्याही क्षणी गोळ्याचा चौथा-तिसरा हिस्साच काय तो वाटीला टेकलेला असतो. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त वेळा निखळतो तो हाच. या बशीच्या काठाला रबराच्या वॉशरसारखी एक कडी असते, तिला लॅब्रम म्हणतात. तिच्यामुळे वाटीला थोडी खोली येते, आणि समोरून सांध्याला आवळून धरणारे लिगामेंट तिलाच चिकटलेले असतात. स्मॅश मारायला हात वर, बाहेर आणि मागे गेला, तेवढ्यात जोराचा झटका बसला, की गोळा पुढे-खाली घसरतो आणि जाताना ही कडी वाटीपासून उचकटतो. लंडनच्या बँकार्ट या सर्जनने १९२३ मध्ये खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याचं मूळ या जखमेत आहे असं ठामपणे मांडलं, म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. बाहेर आलेला गोळा वाटीच्या टणक कडेवर दाबला जातो आणि त्याच्या मागच्या बाजूला खाच पडते. १९४० मध्ये हिल आणि सॅक्स या क्ष-किरणतज्ज्ञांनी तिचं नीट वर्णन केलं. प्रत्येक वेळी खांदा निखळतो तेव्हा पुढचा काठ थोडा आणखी झिजतो आणि मागची खाच थोडी आणखी मोठी होते. भावाच्या बाबतीत पुढचा सगळा हिशोब या दोन जखमांवर ठरणार आहे. किती वेळा निखळला हा आकडा त्यामानाने दुय्यम.

आता बसवण्याबद्दल. गोळा बाहेर अडकून राहतो तो स्नायूंमुळे. दुखतं म्हणून स्नायू आवळतात, आवळले की आणखी दुखतं. या आखडलेल्या स्नायूंशी कुस्ती खेळायची नसते. मी शिकाऊ असताना एका धिप्पाड माणसाचा खांदा बसवायला आम्ही तिघं लागलो होतो. एकाने चादर काखेखालून घेऊन मागे धरली, दोघांनी हात ओढला. वीस मिनिटं झाली, घाम आम्हालाही फुटला आणि त्यालाही. आमचे वरिष्ठ आले, आम्हाला बाजूला केलं, रोग्याला ताठ बसवलं, त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवून घेतला आणि त्याच्या दंडाचा पुढचा स्नायू हलक्या हाताने चोळत त्याला त्याच्या कामाधंद्याबद्दल विचारत बसले. मधूनच म्हणाले, "छाती पुढे काढ, खांदे मागे घे." तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तो माणूस बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "गेला की काय?" गेला होता. आवाजसुद्धा झाला नाही. या पद्धतीला कनिंगहॅमची पद्धत म्हणतात, हे मला पुढे कळलं.

माझी स्वतःची आवडती पद्धत हात बाहेर फिरवण्याची. रोगी पाठ थोडी उंच करून पडलेला, कोपर बरगड्यांना टेकलेलं आणि काटकोनात वाकवलेलं. मनगट धरून पुढचा हात दाराच्या फळीसारखा सावकाश बाहेर उघडत न्यायचा. दुखलं की थांबायचं, मागे यायचं नाही, फक्त थांबायचं. स्नायू दमतो, सैल पडतो, मग पुढचे चार अंश. ओढायचं मुळीच नाही. हात पूर्ण बाहेर वळेपर्यंत बऱ्याच वेळा गोळा आत घसरलेला असतो. बोटांना एक बारीक ठेच जाणवते आणि खांद्याची चौकोनी झालेली कड पुन्हा गोल दिसायला लागते. घाईत केलं तर हीच पद्धत फसते. दहा मिनिटं द्यायची तयारी नसेल तर सुरूच करू नये.

जाता जाता एक गंमत. स्विस सर्जन कोखर यांनी १८७० मध्ये सांगितलेली खांदा बसवण्याची पद्धत "हाड मोडते" म्हणून बदनाम झाली. पण त्यांच्या मूळ वर्णनात ओढणं नव्हतंच, ते नंतरच्या लोकांनी घुसडलं. (याच कोखरना १९०९ चं नोबेल मिळालं, तेही थायरॉइडवरच्या कामासाठी.) काखेत टाच रोवून हात ओढण्याची हिप्पोक्रेटिसची रीत अडीच हजार वर्षं टिकली, आणि वारंवार निखळणाऱ्या खांद्यावर त्याचा इलाज होता काखेत तापलेल्या सळईने डाग देणं. व्रण आकसला की समोरची वाट बंद होईल, हा त्यामागचा विचार. इलाज अघोरी असला तरी निदान बरोबर होतं: दोष पुढच्या-खालच्या बाजूला आहे.

भूल प्रत्येकाला लागतेच असं नाही. सांध्यात १ टक्का लिग्नोकेनचं (जागा बधिर करणारं औषध) २० मिलीपर्यंत इंजेक्शन देऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलं, तर बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. दणकट स्नायूंचा, घाबरलेला किंवा बराच वेळ उलटून आलेला रोगी असेल तर शिरेतून गुंगी देतो, पण तेव्हा श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारा माणूस वेगळा हवा. खांदा बसवणाऱ्यानेच गुंगीही सांभाळायची, हे मला मान्य नाही.

एक्स-रे कशाला, तर यासाठी. साठी ओलांडलेली एक बाई पडली, खांदा निखळला. घरातल्या धडधाकट मुलाने व्हिडिओ बघून ओढला. माझ्याकडे आली तेव्हा गोळा एकीकडे आणि दंडाचं हाड दुसरीकडे. गोळ्याच्या मानेला बारीक चीर आधीच असणार, हे मी खात्रीने सांगू शकत नाही कारण आधीचा एक्स-रेच नव्हता, पण तसंच असावं. शांतपणे बसला असता तो खांदा मोठ्या ऑपरेशनवर गेला. दुसरं कारण नसेचं. गोळ्याच्या खालून अ‍ॅक्झिलरी नस वळसा घालून जाते आणि निखळताना ताणली जाते. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर कापसाचा बोळा फिरवून बघायचा, बधिर आहे का. ही नोंद बसवण्याआधी झाली पाहिजे. नाहीतर नंतर हात उचलेना, की नस निखळताना दुखावली की बसवताना, हे कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक वेळा ती काही महिन्यांत आपोआप सुधारते.

तिसरं कारण मला जास्त टोचतं. शंभरातले दोन-चार खांदे पुढे न जाता मागे निखळतात, विशेषतः फिट आल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर. समोरून काढलेल्या एक्स-रेत ते जवळजवळ ठीक दिसतात. गोळा फक्त विजेच्या दिव्यासारखा गरगरीत दिसतो, तेवढंच. असा एक तरुण माझ्याकडे दोन महिन्यांनी आला. तोवर त्याला "खांदा आखडलाय, व्यायाम करा" असं सांगून झालं होतं. हात पोटाशी धरलेला आणि बाहेर वळतच नव्हता. बाजूने, म्हणजे काखेतून एक्स-रे काढला आणि गोळा वाटीच्या मागे बसलेला दिसला. तीन आठवड्यांपेक्षा जुना झालेला सांधा असा बाहेरून ढकलून बसवत नाहीत. रक्तवाहिनी फाटू शकते, हाड मोडू शकतं. त्याला उघडून बसवावा लागला. म्हणून खांद्याचे एक्स-रे निदान दोन दिशांनी हवेत. एकच काढून "नॉर्मल" म्हटलं, तर दुसऱ्या दिशेचाही काढायला सांगा.

भावाचा खांदा आधीच तीनदा निखळलेला आहे, तेव्हा नवीन मोड असण्याची शक्यता कमी, हे खरं. पण बसवल्यानंतरचा एक्स-रे तरी हवाच, आणि नसेची तपासणी दरवेळी. मैदानावर बसला तर बसला, त्या मित्राला शिव्या देऊ नका. हाताचा रंग बदललेला असेल आणि मदत खूप लांब असेल तर मीही तिथेच प्रयत्न केला असता. फक्त पुढच्या वेळी ओढू नये.

आता ऑपरेशन. पहिल्यांदा निखळला तेव्हा वय किती होतं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. विशीच्या आसपासच्या, खेळणाऱ्या मुलांत पुन्हा निखळणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून बरंच वर जातं. चाळिशीनंतर ते झपाट्याने घसरतं, पण त्या वयात खांदा फिरवणारे स्नायू फाटतात. म्हणून चाळिशीच्या पुढच्या माणसाचा खांदा बसल्यावरही दोन-तीन आठवड्यांनी हात वर जात नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतो. तुमच्या भावाच्या बाबतीत स्नायूंचा प्रश्न जवळजवळ नाही. त्याचा प्रश्न काठाचा आहे. तीनदा निखळलेला, हात डोक्यावर नेऊन खेळणारा २१ वर्षांचा मुलगा फक्त व्यायामाने सुटेल, अशी आशा मी त्याला दाखवणार नाही. व्यायाम करावेच, पण ते ऑपरेशनच्या जागी नाहीत. एक अपवाद सांगतो. कोपर उलटं वाकतं, अंगठा मनगटाला टेकतो, दोन्ही खांदे सैल आहेत आणि फारसा मार न लागता सरकतात, अशा मुलांत आधी सहा महिने नेटाने फिजिओथेरपी करतात. आणि फिट येत असतील तर आधी फिट आटोक्यात आणा. एका फिटमध्ये सर्जनचं सगळं काम उखडतं.

कुठलं ऑपरेशन, हे ठरवायला दोन्ही डॉक्टरांनी बहुधा वेगवेगळा पुरावा पाहिलाय. एमआरआयमध्ये कडी चांगली दिसते, हाडाची झीज मात्र सीटी स्कॅनमध्ये नीट मोजता येते, तेही गोळा काढून टाकून नुसती वाटी समोरून दाखवणाऱ्या थ्रीडी चित्रात. वाटीचा खालचा भाग जवळजवळ गोल असतो. त्यावर वर्तुळ बसवायचं आणि पुढचा किती काठ वर्तुळात कमी पडतो ते मोजायचं. या वर्तुळाचा व्यास साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर झीज झाली की चार टक्के गेले. पाच-सहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण तो पाचवा हिस्सा झाला. २० ते २५ टक्क्यांच्या वर गेलं की नुसत्या टाक्यांवर भिस्त ठेवू नये, हे जुनं आणि मान्य गणित. अलीकडे आम्ही १३-१४ टक्क्यांनाही सावध होतो, विशेषतः खेळाडूंमध्ये. त्याच सीटीत मागची खाच बघायची: हात वर-बाहेर नेल्यावर ती खाच वाटीच्या कडेत जाऊन अडकते का? अडकत असेल तर कडी कितीही छान शिवली तरी गोळा त्या खाचेवरून बाहेर उलथतो.

एक साधा गुणफलक आहे, बाल्ग आणि बुआलो यांनी २००७ मध्ये दिलेला, एकूण १० गुणांचा. ऑपरेशनच्या वेळी वय २० किंवा कमी: २. स्पर्धेच्या पातळीवर खेळणं: २. अंगाला अंग भिडण्याचा किंवा जोराने हात डोक्यावर नेण्याचा खेळ: १. सांधे जन्मतः सैल: १. हात बाहेर वळवून समोरून काढलेल्या एक्स-रेत मागची खाच दिसणं: २. वाटीचा खालचा काठ पुसट होणं: २. त्यांच्या रोग्यांत सहापर्यंत गुण असलेल्यांपैकी दुर्बिणीच्या टाक्यांनंतर दहातल्या एकाचा खांदा पुन्हा निखळला, सहाच्या वरच्यांत दहातल्या सातांचा. भाऊ स्पर्धांत खेळत असेल तर तीन गुण इथेच झाले. वयाचे दोन वर्षभराच्या फरकाने वाचले, पण शरीराला वाढदिवस कळत नाही, म्हणून मी मनात तेही थोडे धरतो. एक्स-रेत खाच आणि काठ दोन्ही निघाले तर सात. म्हणजे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, फक्त सीटीशिवाय ते ठरत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये काय होतं ते सांगतो. एक सेंटिमीटरच्या आतली दोन-तीन छिद्रं, सांध्यात पाणी भरलेलं. पडद्यावर कडी दिसते तेव्हा ती बहुधा काठावर नसते. उचकटून खाली घसरते आणि वाटीच्या मानेला चुकीच्या जागी चिकटते. आधी ती पूर्ण सोडवावी लागते, इतकी की तिच्यामागचा स्नायू दिसला पाहिजे. मग वाटीचा काठ खरवडून रक्ताळ करायचा, काठावरच (आत नव्हे, खालीही नव्हे) छिद्र पाडून त्यात अँकर बसवायचा. तीन-चार मिलिमीटरची मेख, तिला दोरा. दोरा कडीतून आणि सैल पडलेल्या लिगामेंटमधून ओवून वर ओढून गाठ मारायची. असे निदान तीन, शक्यतो चार. खाच मोठी असेल तर मागचा स्नायू त्या खाचेत शिवून ती बुजवतात. याला रेंप्लिसाज म्हणतात, फ्रेंचमध्ये अर्थ "भरणं", बस. त्याने हात बाहेर वळण्यात थोडी कमतरता येऊ शकते. व्हॉलीबॉलपटूला ती जाणवते, म्हणून आधी बोलून घ्या.

हाड लावण्याचं ऑपरेशन म्हणजे लातार्जे, १९५४ पासूनचं. खांद्याच्या पुढे चोचीसारखं एक हाड असतं. त्याचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट कापून वाटीच्या झिजलेल्या काठावर दोन स्क्रूंनी बसवतात. वाटी रुंद होतेच, शिवाय हात वर नेला की ते स्नायू गोळ्यासमोर पट्ट्यासारखे ताणले जातात. माझ्या मते त्याचं निम्मं काम हा पट्टाच करतो. पुन्हा निखळण्याचं प्रमाण कमी, पण जोखीम वेगळी: नसा हाताच्या अंतरावर नव्हे, बोटाच्या अंतरावर असतात, तुकडा जुळून न येणं, स्क्रू खुपणं, तुकडा काठापेक्षा बाहेर बसला तर काही वर्षांत संधिवात. म्हणून सर्जन वर्षाला किती लातार्जे करतो हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. विचाराच.

दोन्हीनंतर हात तीन ते सहा आठवडे झोळीत, बाहेर वळवण्यावर सहा आठवडे बंधन, स्मॅश मारायला पाच-सहा महिने. चार महिन्यांत मैदानावर जाणारे असतात. त्यातले काही पुन्हा मला भेटतात.

"सांधा निखळला की बसवला" हे घरचं गणित खांद्यापुरतं कधी कधी खपून जातं. बाकीच्या सांध्यांना लावू नका. मांडीचा सांधा निखळला, बहुतेक वेळा गाडीच्या अपघातात गुडघा डॅशबोर्डवर आदळून, तर पाय आखूड दिसतो आणि आत वळतो. गोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात असतो, तो सहा तासांच्या आत भूल देऊन बसवायला हवा. बसवल्यावर सीटी लागतो, कारण सांध्यात हाडाचा कण अडकला तर तो कूर्चेला वाळूसारखा घासतो.

गुडघ्याचा तर वेगळाच धाक. गुडघ्याची वाटी सरकणं वेगळं, ती पाय सरळ करताना बऱ्याचदा जागेवर येते. पूर्ण गुडघा निखळला तर गुडघ्यामागची धमनी फाटू शकते. फसवी गोष्ट म्हणजे जवळपास निम्मे गुडघे रोगी पोहोचेपर्यंत आपोआप बसलेले असतात. एक्स-रे चांगला, सूज बेताची, आणि पाऊल गार पडत चाललेलं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं की मी वाट बघत नाही, रक्तवाहिन्यांचा सीटी आणि सोबत रक्तवाहिन्यांचा सर्जन. रक्त थांबून आठ तास उलटले की पाय वाचवण्याची लढाई हरण्याकडे झुकते. कोपराचं उलट आहे: बसवल्यावर स्थिर असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत हलवायला लागायचं. तीन आठवड्यांहून जास्त प्लास्टरमध्ये ठेवलेलं कोपर कायमचं आखडू शकतं. आणि बोटाच्या मुळाचा सांधा निखळला तर जोरात ओढू नका. आतला पडदा सांध्यात ओढला जातो आणि जे सहज बसलं असतं त्याला चीर द्यावी लागते.

भावासाठी आता एवढंच करा: थ्रीडी सीटी, आणि त्या अहवालात वाटीची झीज टक्क्यांत आणि खाच वाटीत अडकते की नाही, हे दोन्ही लिहून मागा. ते घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे परत जा. झीज दहा टक्क्यांच्या आत आणि खाच अडकत नसेल तर मी टाके घालीन, वीस टक्क्यांच्या वर गेली तर लातार्जे, मधल्या पट्ट्यात त्याला पुढे किती वर्षं आणि कुठल्या पातळीवर खेळायचंय ते विचारून ठरवीन. तोवर स्मॅश बंद, मागच्या सीटवरची पिशवी हात मागे टाकून ओढायची नाही, आणि झोपताना उजवा हात उशीखाली घालायचा नाही. वारंवार निखळणारा खांदा झोपेतही निखळू शकतो.